साधना, स्वतःला घडवणं आणि साक्षात्कार: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ज्ञानेश्वरी आणि गाथा वाचायला बसणाऱ्या मंडळींकडून हे प्रश्न सतत येतात. विचारणारे बहुतेक नोकरी-संसारातले, फोनवर ध्यानाचं ॲप असलेले, मनापासून काहीतरी शोधणारे असतात. उत्तरं माझ्या समजुतीप्रमाणे दिली आहेत. आधार मुख्यतः आपल्या संतांचा आहे, कारण हा पेच त्यांनी स्वतः भोगला आणि मराठीत बोलून ठेवला.

थेट सांगा: स्वतःच्या प्रयत्नाने साक्षात्कार होतो की नाही?

प्रयत्नाच्या जोरावर तो घडवून आणता येत नाही. आणि प्रयत्न न करता स्वस्थ बसलेल्या कुणाला तो झाला, असं संतचरित्रांत मला तरी कुठे दिसत नाही. या दोन्ही गोष्टी मी एकाच वेळी खऱ्या मानतो.

मग संत एकमेकांच्या विरुद्ध का बोलतात? एक म्हणतो कष्ट करा, दुसरा म्हणतो कष्टांनी काही होत नाही.

सुटी वाक्यं उचलली तर तसं वाटतंच. तुकोबा म्हणतात, ‘असाध्य तें साध्य करितां सायास । कारण अभ्यास तुका म्हणे’. समर्थ म्हणतात, ‘यत्न तो देव जाणावा’. आणि हरिपाठात ज्ञानदेव म्हणतात, ‘योग याग विधि येणें नोहे सिद्धि । वायांचि उपाधि दंभधर्म’. कठोपनिषदात तर दोन्ही टोकं एकाच ग्रंथात आहेत. एका ठिकाणी ‘उत्तिष्ठत जाग्रत’, उठा, जागे व्हा. दुसऱ्या ठिकाणी, हा आत्मा प्रवचनाने, बुद्धीने किंवा पुष्कळ ऐकण्याने मिळत नाही, तो ज्याला वरतो त्यालाच मिळतो. कृपेच्या बाजूने बोलणारे हा मंत्र नेहमी सांगतात, पण त्याला लागूनच असलेला पुढचा मंत्र सांगत नाहीत: जो दुराचरणापासून परतला नाही, ज्याचं मन शांत नाही, त्याला तो मिळणार नाही.

म्हणून माझं पहिलं सांगणं असं की अभंग शेवटपर्यंत वाचा. ‘रात्रंदिन आम्हां युद्धाचा प्रसंग । अंतर्बाह्य जग आणि मन’ ही ओळ जिद्दीच्या भाषणांत, व्यायामशाळेच्या भिंतीवर, स्पर्धा परीक्षेच्या वर्गांत सगळीकडे भेटते. जणू तुकोबा स्वतःच्या हिमतीवर लढत होते. त्याच अभंगाचा शेवट कुणी लिहीत नाही: ‘तुका म्हणे तुझ्या नामाचिया बळें । अवघीयांचें काळें केलें तोंड’. युद्ध रात्रंदिवस चाललंय, त्यात एक दिवसाची सुट्टी नाही. पण जिंकलं कुणाच्या बळावर? नामाच्या. पहिल्या चरणात पुरेपूर कष्ट आहेत आणि शेवटच्या चरणात त्या कष्टांचं श्रेय सोडून दिलंय. तुकोबांच्या मनात या दोहोंचं भांडण नव्हतं.

साक्षात्कार प्रयत्नाने होत नसेल, तर प्रयत्न नेमकं करतो काय?

‘हे मी केलं’ ही पकड सैल करतो. निदान तेवढं करावं, अशी त्याच्याकडून अपेक्षा आहे. सगळी गोम इथे आहे, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

चांगदेवांची कथा सर्वांना ठाऊक असते, पण ती चमत्कार म्हणून सांगितली जाते. तापीकाठचा हा योगी, परंपरा म्हणते चौदाशे वर्षं तप केलेला. ज्ञानदेवांची कीर्ती ऐकून पत्र लिहायला बसला आणि मायन्यालाच अडला. वयाने लहान म्हणून ‘चिरंजीव’ लिहावं, तर ज्ञानाने मोठा. ‘तीर्थरूप’ लिहावं, तर पोरगेलासा. शेवटी कोरा कागद पाठवला. मुक्ताबाई म्हणाली, चौदाशे वर्षं जगून हा कोराच राहिला. चौदाशे वर्षांच्या साधनेला कुठे खीळ बसली, तर मायन्यात: मी मोठा की समोरचा, या एका हिशेबात. त्या कोऱ्या कागदाला उत्तर म्हणून ज्या पासष्ट ओव्या गेल्या, त्या चांगदेव पासष्टीत ज्ञानदेव त्यांना आणखी तप करा असं सांगत नाहीत. पाहणारा आणि पाहिलं जाणारं हे मुळात वेगळं नाहीच, इकडे ते लक्ष वेधतात.

दुसरी कथा नामदेवांची. तेरला गोरोबाकाकांच्या घरी संत जमलेत. मुक्ताबाई विचारते, यातली मडकी पक्की किती, कच्ची किती? गोरोबा कुंभार, ते मडकी ठोकायचं थापटणं घेतात आणि एकेकाच्या डोक्यावर मारत जातात. सगळे निमूट बसून राहतात. नामदेवांना मात्र राग येतो. प्रत्यक्ष विठ्ठल ज्याच्या हातचं जेवतो, ज्याच्याशी बोलतो, त्याच्या डोक्यावर थापटणं? गोरोबा सांगतात, हे मडकं कच्चं. पुढे विठ्ठलच त्यांना विसोबा खेचरांकडे धाडतो. औंढ्या नागनाथाच्या देवळात विसोबा पिंडीवर पाय ठेवून पहुडलेले. नामदेव खवळतात, तेव्हा विसोबा म्हणतात, जिथे देव नाही अशा ठिकाणी माझे पाय उचलून ठेव. तशी जागा नामदेवांना सापडत नाही.

नामदेवांची भक्ती खोटी होती असं ही कथा म्हणत नाही. इतकं सगळं होऊनही ‘देव माझा, माझ्याशी बोलणारा’ ही मालकी उरली होती, आणि ती एका ठोक्यात बाहेर आली.

रोज पहाटे उठतो, ध्यान करतो, साखर सोडली, डायरी लिहितो. हे अध्यात्मच ना?

या सवयी चांगल्याच आहेत, सोडू नका. पण पहाटे उठल्यावर उशिरा उठणाऱ्या बायकोकडे, भावाकडे, शेजाऱ्याकडे तुम्ही कोणत्या नजरेने पाहता, ते बघा. ॲपवर सलग दिवसांचा आकडा वाढत जातो आणि एखाद्या दिवशी तुटला की जीव कासावीस होतो. ती तळमळ देवाची असते की आकड्याची? सुधारलेल्या ‘मी’वर आपलं जास्तच प्रेम बसतं, कारण त्यात नावं ठेवण्यासारखं काही दिसत नाही. आळशी माणसाला निदान आपण आळशी आहोत हे कळत असतं.

आपल्याकडच्या जुन्या साधनेत या धोक्यावर बंदोबस्त करून ठेवलेला दिसतो. वारकऱ्याची माळ घातली की नियम येतात: मद्य-मांस वर्ज्य, एकादशी, नित्य हरिपाठ, पंढरीची वारी. स्वतःला सुधारण्याचा हा कार्यक्रमच आहे. पण त्याच्या जोडीला एक रीत आहे. दोन वारकरी भेटले की एकमेकांच्या पायावर डोकं ठेवतात. सत्तर वर्षांचे आजोबा विशीतल्या पोराच्या पाया पडतात, पोरगं ओशाळतं, वाकतं, आणि दोघेही एकमेकांना माऊली म्हणतात. आळंदी ते पंढरपूर सुमारे अडीचशे किलोमीटर हे दिवसभर चालू असतं. नियमाने जो ताठा यायचा, तो जागच्या जागी उतरवला जातो. घरी एकट्याने चाललेल्या आत्मविकासात कुणाच्या पाया पडायची ही सोय नसते. ती आपण मुद्दाम करून घ्यावी लागते.

स्वभाव सुधारणं आणि ज्ञान होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत का?

गीतेच्या तेराव्या अध्यायाने मला इथे फार मदत केली. ज्ञान म्हणजे काय हे सांगताना कृष्ण अमानित्व (मानाची हाव नसणं), अदंभित्व (दंभ नसणं), अहिंसा, क्षमा, सरळपणा अशी यादी देतो आणि शेवटी म्हणतो, हेच ज्ञान, याहून वेगळं ते अज्ञान. हे गुण आधी मिळवा म्हणजे पुढे ज्ञान मिळेल, असं तो तिथे म्हणत नाही.

ज्ञानेश्वर या यादीवर शेकडो ओव्या थांबतात. अहिंसेपाशी आले की चालण्याचं वर्णन करतात. कमळातला केसर चुरगळेल या शंकेने भुंगा हळुवार पाय ठेवतो, तसा हा पुरुष चालतो: ‘तैसे परमाणु पां गुंतले । जाणूनि जीव सानुले । कारुण्यामाजीं पाउलें । लपवूनि चाले’. पाऊल करुणेत लपवून चालणं हे कुणाला सरावाने जमेल असं मला वाटत नाही. सरावाने फार तर जपून चालता येईल. ते जपून चालणंही मोलाचंच, ज्याच्या अंगावर आपला पाय पडणार होता त्याच्यासाठी तर नक्कीच.

‘चित्तशुद्धी’ म्हणतात ती हीच का?

हो. वेदान्ताची मांडणी थोडक्यात अशी: आत्मा आधीपासून आहेच, त्यामुळे तो कर्माने तयार होणार नाही. विवेकचूडामणीतलं वचन आहे, ‘चित्तस्य शुद्धये कर्म न तु वस्तूपलब्धये’. कर्म चित्ताच्या शुद्धीसाठी, वस्तू (म्हणजे तो आत्मा) मिळवण्यासाठी नव्हे. आता यावर कुणी म्हणेल, मग कर्म दुय्यमच ठरलं. तसं समजून ज्यांनी कर्म सोडलं, त्यांचं चित्तही तसंच राहिलं आणि वस्तूही हाती आली नाही.

तुकोबांना तर स्वप्नात गुरुमंत्र मिळाला. मग आम्ही एवढा खटाटोप का करायचा?

तो अभंग वाचण्यासारखा आहे. ‘सत्य गुरुरायें कृपा मज केली । परी नाहीं घडली सेवा कांहीं’ अशी सुरुवात. गुरूने कृपा केली, माझ्या हातून सेवा काही झाली नाही. पुढे स्वप्नाचा तपशील येतो. गंगास्नानाला जाताना वाटेत गाठ पडली, डोक्यावर हात ठेवला, जेवायला पावशेर तूप मागितलं आणि ‘पडिला विसर स्वप्नामाजी’. मागितलेलं पावशेर तूपही द्यायचं राहून गेलं! पुढे बाबाजी हे नाव, ‘राम कृष्ण हरि’ हा मंत्र, आणि तिथी माघ शुद्ध दशमी, गुरुवार. कृपा कमावली नाही, याची याहून स्पष्ट कबुली मला माहीत नाही.

पण त्याच तुकोबांनी आपली आधीची वाटचालही सांगितली आहे. दुष्काळात द्रव्य आटलं, मान गेला, एक बायको अन्न अन्न करत मेली. मग मोडकळीला आलेलं देऊळ दुरुस्त केलं. एकादशीला कीर्तन करू लागले, ‘नव्हतें अभ्यासीं चित्त आधीं’. संतांची वचनं पाठ केली. जे गात होते त्यांच्या मागे उभं राहून ध्रुपद धरलं. सुरुवातीला मन लागत नव्हतं, हे तुकोबा स्वतः सांगतात. स्वप्न पडलं ते या माणसाला.

यावरून ‘इतकं केलं की स्वप्न पडतं’ असा नियम मात्र काढू नका. तुकोबांनी तो काढलेला नाही.

पिपीलिका मार्ग आणि विहंगम मार्ग म्हणजे काय? दुसरा सोपा आहे म्हणतात.

पिपीलिका म्हणजे मुंगी, विहंगम म्हणजे पक्षी. मुंगी खोडावरून सरपटत फळापर्यंत पोचते, पक्षी थेट फळावर बसतो. महाराष्ट्र-कर्नाटकाच्या सीमेवरच्या इंचगिरी संप्रदायात हे शब्द कायम कानावर पडतात. उमदीच्या भाऊसाहेब महाराजांचा भर नामाच्या दीर्घ ध्यानावर होता, आणि निंबाळचे गुरुदेव रानडे त्यांचेच शिष्य. दुसरे शिष्य सिद्धरामेश्वर महाराज यांनी श्रवण, मनन आणि विचार यांची वाट पुढे आणली. ती पक्ष्याची वाट.

सोपी म्हणाल तर त्यांचे शिष्य निसर्गदत्त महाराज बघा. मुंबईत विडीचं दुकान चालवणारा हा माणूस 1933 साली गुरूंना भेटला, 1936 साली गुरू गेले. पुढे खेतवाडीतल्या घरी ते येणाऱ्याला सांगत, करण्यासारखं काही नाही, तुम्ही आहातच ते. हे ऐकून लोक खूश होऊन घरी जातात. पण त्यांनी स्वतः काय केलं होतं? गुरूंनी ‘मी आहे’ या जाणिवेपाशी राहायला सांगितलं, आणि रिकामा मिळालेला सगळा वेळ ते तिथेच राहिले. वर्षानुवर्षे, दुकान सांभाळून. सिद्धरामेश्वर महाराजांनीही आधी गुरूंनी दिलेलं ध्यानच केलं होतं. पक्ष्याच्या वाटेने बोलणाऱ्या दोघांच्याही मागे हे आहे. ‘काही करायचं नाही’ हे वाक्य त्यांच्या तोंडी आणि आपल्या तोंडी सारखं नसतं.

इतकी वर्षं नाम घेतोय, काहीच होत नाही. चुकतंय का?

‘काहीच’ म्हणजे काय व्हायला हवं होतं? प्रकाश दिसणं, नाद ऐकू येणं, अंग शहारणं? ते येतं, जातं, आणि आलं तरी त्यावर नामदेवांसारखीच मालकी बसते. त्यापेक्षा घरच्यांना विचारा: मी पूर्वीइतकाच चिडतो का? चूक कबूल करायला मला अजूनही तेवढाच वेळ लागतो का? घरच्यांचं उत्तर सहसा खरं असतं.

आणि कोरडेपणाची लाज वाटू देऊ नका. गाथेत साडेचार हजारांच्या आसपास अभंग आहेत आणि त्यांतले कितीतरी भेट होत नाही म्हणून रडलेले आहेत. ‘जीवनावेगळी मासोळी । तैसा तुका तळमळी’. आपण कोरडेपणाला अपयश म्हणतो, तुकोबांनी त्याचा अभंग केला. ही तळमळ वाट्याला आली असेल तर ती विझवायला नवा कोर्स शोधू नका.

सात दिवसांत कुंडलिनी जागृत करून देतो, अशी जाहिरात पाहिली. जाऊ का?

नका जाऊ. ‘ऐसे कैसे जाले भोंदू । कर्म करोनि म्हणती साधु’, हे तुकोबांनी साडेतीनशे वर्षांपूर्वी सांगून ठेवलंय. पैसे, मुदत आणि हमी या तीन गोष्टी एकत्र दिसल्या की परत फिरावं.

खूप ध्यान केल्यावर झोप उडालीये, भीती वाटते, आवाज ऐकू येतात.

ध्यान थांबवा आणि मानसोपचारतज्ज्ञाकडे जा. ही साधनेतली पायरी आहे असं कुणी, अगदी गुरूने सांगितलं, तरी जा.

संसार-नोकरीत वेळच मिळत नाही. मग आमचं काय?

जनाबाई दळता-कांडता गात होती. सावतोबांनी अरणच्या मळ्यात कांदा-मुळा-भाजीलाच विठाबाई म्हटलं. चोखोबांना तर देवळाचा उंबराही ओलांडू दिला गेला नाही. ज्यांना आसन, एकांत, शास्त्र, सगळंच नाकारलं होतं, त्यांच्यासाठी ही नामाची वाट उभी राहिली. त्यामुळे ‘निवांत वेळ मिळाला की साधना करू’ ही भाषा आपल्या संतांची नाही. (देवळाचं दार मात्र नामाने उघडलं नाही. त्यासाठी 1947 साली साने गुरुजींना पंढरपुरात उपोषणाला बसावं लागलं. आतला प्रयत्न आणि बाहेरचा प्रयत्न, दोन्ही लागतात.)

एकनाथांची गोष्टही नोकरदारांसाठीच आहे. देवगिरीला जनार्दनस्वामींकडे ते हिशेब लिहीत. एका पैचा मेळ बसेना म्हणून रात्रभर जागले, आणि चूक सापडली तेव्हा आनंदाने टाळी वाजवली. स्वामी म्हणाले, एका पैसाठी एवढी एकाग्रता, ती भगवंताकडे लाव. जे लक्ष लागायला हवं, ते आपल्याकडे आधीच आहे. ते फक्त दुसरीकडे गुंतलंय.

गुरू हवाच का?

परंपरा हो म्हणते. हरिपाठात स्पष्ट आहे, ‘गुरुविण अनुभव कैसा कळे’. कारण आपल्या डोक्यावर आपणच थापटणं मारू शकत नाही. पण ज्याला गुरू भेटला नाही त्याने अडून बसू नये. त्याच अभंगाचा शेवट ‘साधूचे संगती तरणोपाय’ असा आहे. चार प्रामाणिक माणसांच्या संगतीत बसा.

प्रारब्धात असेल तर होईल, असं म्हणून सोडून दिलं तर?

पगारवाढ, मुलांची ॲडमिशन, गुडघ्याचं ऑपरेशन यांतलं काहीही आपण प्रारब्धावर सोडत नाही. देव तेवढा सोडतो.

बौद्ध धम्मात कृपा नाहीच. तिथे सगळं प्रयत्नावरच ना?

पाली ग्रंथांच्या परंपरेपुरतं हो, आणि हा फरक पुसू नये. धम्मपदात बुद्ध म्हणतात, कष्ट तुम्हीच करायचे आहेत, तथागत केवळ मार्ग सांगणारे. अष्टांगिक मार्गात सम्यक व्यायाम, म्हणजे योग्य प्रयत्न, हे एक अंगच आहे. पण योग्य म्हणजे किती? सोण नावाचा भिक्खू इतका कठोर चालला की पायांतून रक्त आलं. बुद्धांनी त्याला विचारलं, तू घरी वीणा वाजवायचास, तारा फार ताणल्या तर सूर निघायचा का? आणि फार सैल सोडल्या तर? बुद्धांनी स्वतः सहा वर्षं देह सुकवून पाहिला होता आणि तो मार्ग सोडला होता. शिवाय तिथेही अखेरीस ‘मी’ आणि ‘माझं’ हेच सुटायचं असतं. कृपेचं नाव न घेता ते कसं सुटतं हे समजून घ्यायचं असेल, तर पाली ग्रंथ त्यांच्याच परंपरेतल्या जाणकारांकडून ऐकावेत.

सुरुवात कशी करू?

हरिपाठ घ्या. छोटी पुस्तिका कुठल्याही धार्मिक पुस्तकांच्या दुकानात मिळते. संध्याकाळी, जमल्यास घरातल्या आणखी कुणाला सोबत घेऊन, मोठ्याने म्हणा. अर्थ लगेच कळला नाही तरी चालेल, पण पाठ नसलेल्या ओळीपाशी घाई करू नका. पहिले काही आठवडे दुसरं काहीच नवं सुरू करू नका, आणि सुरू केलंय हे कुणाला सांगतही बसू नका.

म्हणताना मन भटकलं तर पुन्हा पहिल्यापासून म्हणायचं का?

नाही. भटकल्याचं लक्षात आलं त्या ओळीपासून पुढे म्हणा.